घरच्या बोलीतले इंग्रजी अलंकार

या महिन्यात दोन पत्रे आली आणि दोन्हींचा विषय एकच निघाला. पहिले पत्र शिरूरच्या एका आपांचे. त्या शिलाईकाम करतात, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत, मुलगी दहावीला. त्या लिहितात, ‘भूगोल, विज्ञान मी पुस्तक हातात धरून तिच्याकडून म्हणवून घेते. इंग्रजीला मात्र माझा काही उपयोग नाही. त्यात ते फिगर ऑफ स्पीच म्हणून काही आहे, ते तिला पाठ होते आणि पेपरात चुकते.’ दुसरे पत्र दौंडचे. वडील रेल्वेत, मुलगी बारावीला. सराव परीक्षेत तिने अलंकाराचे नाव बरोबर लिहिले, पण पुढे ‘एक्स्प्लेन’ म्हटले होते तिथे लिहिले, ‘बिकॉज देअर इज सिमिली इन इट’. अर्धा गुण गेला. आता ती म्हणते, हा प्रश्न मी सोडूनच देणार. आणि वडील लिहितात, ‘आपल्या घरात इंग्रजी नाही, त्याला आपण काय करणार?’

दौंडच्या भाईंच्या या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे. घरात इंग्रजी नसेल. पण या प्रश्नात जे विचारतात ते घरात भरपूर आहे, आणि एका नाही, दोन-तीन भाषांत आहे. मुलगी घरी आईशी आपली दखनी बोलते, शाळेत मराठी शिकते, कुणी मदरशात किंवा शाळेत उर्दूही शिकते. ज्या मुलाला एकच भाषा येते त्याच्यापेक्षा ही मुलगी या प्रश्नात पुढे असायला हवी. ती मागे पडते, कारण तिला वाटते की सिमिली, मेटाफर ही इंग्रजांच्या घरची वस्तू आहे.

रोजचेच वाक्य घ्या. मूल चपला घालून घरात येते आणि आई म्हणते, ‘हजार बार बोली तेरे कू, चप्पल बाहर निकाल के आ!’ आईने मोजले होते का? फार तर वीसदा सांगितले असेल. मराठी शेजारीणही ‘हजारदा सांगितलं’ म्हणते, आणि इंग्रज आईसुद्धा ‘आय हॅव टोल्ड यू अ थाउजंड टाइम्स’ असेच म्हणते. मराठीत ही अतिशयोक्ती, उर्दूत मुबालगा, इंग्रजीत हायपर्बली. (मुले ‘हायपरबोल’ म्हणतात, ते सुधारून घ्या.) मुबालगा म्हणजे हद्दीपर्यंत जाऊन पोहोचणे. ‘पोहोचणे’ या अर्थाच्या ज्या अरबी धातूपासून तो शब्द झाला त्याच धातूपासून ‘बालिग’ झाला, म्हणजे वयात पोहोचलेला, आणि आपला मराठी ‘मुबलक’ही त्याच घराण्यातला. एकदा हे नाते कळले की मुलीला तो शब्द पाठ करावा लागत नाही.

आता दौंडच्या मुलीचा अर्धा गुण. तो का गेला ते नीट पाहू, कारण बहुतेक मुलांचे गुण इथेच जातात. मराठी व्याकरणात उपमेचे चार भाग शिकवतात. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत सारखे काय आहे तो साधारण धर्म, आणि ‘सारखा’, ‘परी’ असा तुलना दाखवणारा शब्द. उर्दू व्याकरणात हेच चार भाग आहेत: मुशब्बह, मुशब्बह बिही, वजहे शबह आणि हर्फे तशबीह. इंग्रजीतही हेच चार, फक्त चौथ्या जागी ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ येतो. परीक्षक ‘एक्स्प्लेन’ म्हणतो तेव्हा तो दुसरे काही मागत नाही, हे चार भाग मागतो. ‘हर फेस शोन लाइक अ लॅम्प’ असे वाक्य असेल तर उत्तर एवढेच: ‘हिअर हर फेस इज कम्पेअर्ड टू अ लॅम्प. द वर्ड लाइक इज यूज्ड. बोथ आर ब्राइट.’ तीन लहान वाक्ये झाली. काय, कशाशी, कोणत्या शब्दाने, कशात सारखे.

शिरूरच्या आपांना माझे सांगणे असे. तुम्हाला इंग्रजी येण्याची गरजच नाही. मुलगी कवितेतली ओळ वाचेल, तुम्ही तिला आपल्या बोलीत तीनच प्रश्न विचारायचे. ‘कायकी बात चल री? किसके सरीका बोले? दोनों में सारखा क्या है?’ तिला तिन्हींची उत्तरे देता आली तर ती इंग्रजीत लिहू शकेल. देता आली नाहीत, तर तिने फक्त नाव पाठ केले आहे, हे तुम्हाला पुस्तक न वाचता कळले.

यात एक खड्डा आहे. ‘समीना तिच्या बहिणीएवढी उंच आहे’ या वाक्यात तुलना आहे, इंग्रजीत ‘ॲज टॉल ॲज’ही येईल, पण हा अलंकार नाही. माणसाची तुलना माणसाशी झाली, दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी. समीना ताडाएवढी उंच म्हटले की अलंकार झाला. तसेच ‘आय लाइक टी’ यातला ‘लाइक’ म्हणजे आवडणे. ‘लाइक’ दिसला की सिमिली लिहून मोकळी होणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. आणखी एक गोष्ट. मराठीत आपण उत्प्रेक्षा वेगळी शिकतो, जणू काही ती वस्तू तीच आहे असे वाटणे. इंग्रजी पेपरात तिला वेगळे घर नाही. ‘ॲज इफ’ आला की सिमिलीच लिहावे.

‘सारखा’ काढून टाकला की उपमेचे रूपक होते. ‘मेरा बच्चा चाँद के सरीका है’ ही सिमिली, ‘मेरा बच्चा चाँद है’ हे मेटाफर. तीन भाषांनी याला दिलेली नावे मला फार आवडतात. मराठी (म्हणजे मुळात संस्कृत) म्हणते रूपक, एकाला दुसऱ्याचे रूप दिले. ग्रीकमधून आलेला मेटाफर म्हणतो, इथून उचलून तिथे वाहून नेले. ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर आजही हाच शब्द लिहिलेला असतो. दौंडच्या मालधक्क्यावर जे रोज चालते तेच अर्थाच्या बाबतीत झाले म्हणायचे. आणि अरबी-उर्दूतला इस्तिआरा म्हणतो, शब्द उधार घेतला. चंद्राकडून त्याचे नाव थोड्या वेळासाठी मागून आणले आणि बाळाला दिले. उधारी आहे, म्हणजे बाळ खरोखर चंद्र नाही हे देणाऱ्यालाही माहीत आणि घेणाऱ्यालाही.

या विषयाचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. इराणमधल्या जुरजानचे अब्दुल काहिर जुरजानी अकराव्या शतकात होऊन गेले, 1078 च्या सुमारास वारले. त्यांच्या ‘असरारुल बलागा’ या ग्रंथात तशबीह आणि इस्तिआरा यांचाच ऊहापोह आहे. उपमा ऐकल्यावर मनाला आनंद का होतो, दूरच्या दोन गोष्टी जोडल्या की ती जास्त का भावते, असे प्रश्न त्यांनी घेतले. मदरशांत बलागत शिकवतात तिचे मआनी, बयान आणि बदी असे तीन भाग, आणि तशबीह, इस्तिआरा ‘बयान’मध्ये येतात. ज्या घरात कुणी मौलाना किंवा आलिमा आहेत, त्यांनी भाचीच्या इंग्रजी पुस्तकात एकदा डोकावावे. नावे सोडली तर पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

आणि आपला सगळ्यात जवळचा उस्ताद तर दौंड-शिरूरच्या उंबऱ्यावरच आहे. दौंडहून नगरकडे जाणारी गाडी भीमा ओलांडते की श्रीगोंदा तालुका लागतो. शिरूरकरांना घोड नदीच्या पलीकडे तोच. त्या श्रीगोंद्यात सतराव्या शतकात संत शेख महंमद राहिले, त्यांची समाधी तिथेच आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही तिथे जातात. त्यांनी मराठीत ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, त्याचे नावच ‘योगसंग्राम’. योग म्हणजे साधना आणि संग्राम म्हणजे लढाई. माणसाच्या आत विकारांशी चाललेल्या झगड्याला त्यांनी युद्धाचे रूप दिले. एका ओळीपुरते रूपक असेल तर ते मेटाफर, पण तेच रूपक गोष्टीभर, ग्रंथभर चालवले की इंग्रजीत त्याला अलेगरी म्हणतात, उर्दूत तमसील. इंग्रजी साहित्यात अलेगरीचे नाव काढले की जॉन बन्यनचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ सांगतात, ते 1678 चे. बारावीच्या मुलीला अलेगरीची व्याख्या लिहायची वेळ आली, तर तिने आधी नदीपलीकडच्या माणसाची आठवण करावी. व्याख्या आपोआप सुचेल.

आता असा अलंकार घेऊ, ज्यात इंग्रजी न वाचणारी आई वाचणाऱ्यापेक्षा बरी परीक्षक ठरते. तो म्हणजे ॲलिटरेशन, आपला अनुप्रास. एकच ध्वनी जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीला पुन्हापुन्हा येणे. मुले इथे डोळ्यांनी फसतात. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत सी या अक्षराने सुरू होतात, म्हणून मुले ॲलिटरेशन लिहितात. पण एक ‘स’, दुसरा ‘क’! उलट ‘फोटो’ पी अक्षराने लिहितात आणि ‘फॅन’ एफ अक्षराने, तरी दोन्ही ‘फ’च आहेत, म्हणून तिथे ॲलिटरेशन होते. ‘नाइफ’ हा शब्द के या अक्षराने सुरू होतो, पण तो ‘के’ मुका. तेव्हा मुलीला सांगा, ओळ मोठ्याने वाच. तुम्ही डोळे मिटून ऐका. ज्या शब्दांची सुरुवात सारखी ऐकू आली तेवढेच खरे. मुलीने ओळ देवनागरीत लिहून काढली तर फसवणूक उरतच नाही, कारण आपली लिपी जे ऐकू येते तेच लिहिते. ओळीच्या शेवटी जुळणारे आवाज मात्र यात धरू नका. मराठीत आपण यमक हाही अलंकार म्हणतो, इंग्रजीत मात्र तो ‘राइम स्कीम’ म्हणून वेगळा विचारतात.

माझ्या मते मुलांना सर्वांत अवघड जाते ते मेटॉनमी आणि सिनेक्डकी. नावे कठीण आहेत यात वाद नाही. गंमत म्हणजे शिरूरची माणसे जन्मापासून मेटॉनमीतच राहतात. शिरूरला जुनी माणसे अजून ‘घोडनदी’ म्हणतात. ‘कुठले तुम्ही?’ ‘घोडनदीचे.’ नदीत कुणी राहत नाही. नदीचे नाव तिच्या काठच्या गावाला दिले. एका गोष्टीचे नाव तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीला देणे, हीच मेटॉनमी. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रात ‘शिरूरने कौल दिला’ असे छापतात तेव्हा कौल गावाने नाही, मतदारांनी दिलेला असतो. ‘पतीली उबल री, गॅस बंद कर’ म्हणतो तेव्हा पातेले उकळत नाही, आतले दूध उकळते. इंग्रजही ‘द केटल इज बॉइलिंग’ म्हणतो. सिनेक्डकी तिची सख्खी बहीण. तिच्यात भागावरून अख्खी वस्तू सांगतात. ‘घरात खाणारी तोंडं सहा, कमावणारे हात दोन.’ ‘दोनशे उंबऱ्यांचं गाव.’ उंबरा म्हणजे घर आणि तोंड म्हणजे माणूस. उर्दूत या दोन्ही बहिणी मजाजे मुर्सल या एकाच नावाखाली राहतात. मराठी शाळेत हे अलंकारात नाही, लक्षणा म्हणून शब्दशक्तीत शिकवतात, म्हणून मुलांना इंग्रजीतले नाते लागत नाही. (जाता जाता, दौंडला इंग्रजांच्या रेल्वेने नकाशात ‘धोंड’ केले होते. त्याला मात्र कोणता अलंकार म्हणावे ते मला सुचत नाही.)

युफेमिझमसाठी आपले घर म्हणजे खजिना. अशुभ किंवा बोचरे ते सरळ न बोलता मऊ शब्दात सांगणे. जेवण आटोपले की आजी म्हणते, ‘दस्तरख्वान बढाओ’. उचला म्हणत नाही. बांगडी फुटली तर मराठी बाई म्हणते ‘बांगडी वाढली’. दुकानदार रात्री दुकान ‘वाढवतो’. सगळीकडे कमी होते आहे आणि बोलतो आहोत वाढण्याचे! मृत्यूला आपण इंतकाल म्हणतो, त्याचा मूळ अर्थ एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे. मराठी वर्तमानपत्रे ‘पैगंबरवासी झाले’ लिहितात. इंग्रजीत ‘पास्ड अवे’. उत्तरात एवढेच लिहायचे की अप्रिय गोष्ट कोणती आणि तिच्या जागी कोणता मऊ शब्द वापरला.

बाकीचे पटापट पाहू, कारण ते सोपे आहेत. निर्जीव वस्तूने माणसाचे काम केले की पर्सॉनिफिकेशन, मराठीत चेतनागुणोक्ती. भीमा रागावली, वारा कुजबुजला. विचारायचा प्रश्न एकच, हे काम माणसाचे का? कुत्रा भुंकला यात अलंकार नाही, ते त्याचेच काम. ‘ओ भीमा!’ अशी समोर नसलेल्या माणसाला किंवा वस्तूला हाक मारली की अपॉस्ट्रफी. याच नावाचे स्वल्पविरामासारखे चिन्हही असते, त्याचा इथे संबंध नाही. खळखळ, किणकिण, ‘बझ’, ‘हिस’ असा शब्दातूनच आवाज ऐकू आला की ऑनोमॅटोपिया. ‘ओपन सीक्रेट’, उघड गुपित, ऑक्सिमोरॉन. ‘मोअर हेस्ट, लेस स्पीड’ या म्हणीत दोन विरुद्ध गोष्टी समोरासमोर आल्या, म्हणून अँटिथिसिस, उर्दूत तजाद. पुणे-नगर रस्त्यावर गाडी चालवणारे ‘ब्लाइंड टर्न’ म्हणतात. वळण आंधळे नसते, वळणावर चालकाला पलीकडचे दिसत नाही. माणसाचे विशेषण वळणाला चिकटले, म्हणून ट्रान्स्फर्ड एपिथेट. ‘स्लीपलेस नाइट’ त्यातलीच. आणि मुलाने दूध सांडल्यावर आपण ‘शाब्बास! बहुत अच्छा किया!’ म्हणतो ती आयरनी. घरी आवाजावरून ती कळते. कागदावर आवाज नसतो, म्हणून मागचे-पुढचे वाक्य वाचल्याशिवाय आयरनी लिहू नये.

म्हणी आणि वाक्प्रचार शब्दशः उलटे करू नका, हेही सांगायला हवे. भूक लागली की मराठीत पोटात कावळे ओरडतात, हिंदी-उर्दूत उंदीर धावतात. आपल्या घरांत दोन्ही प्राणी एकाच पोटात नांदतात. इंग्रजीत मात्र दारिद्र्य आणि उपासमार लांडगा होऊन दाराशी उभी राहते. मुलीने कावळ्यांचे इंग्रजी केले तर परीक्षकाला ते कळणार नाही.

गुणांचा हिशेब केला तर हा दहावीच्या कुमारभारतीत किंवा बारावीच्या युवकभारतीत एक-दोन गुणांचा मामला आहे. तरी मी त्यावर इतकी पाने का घालवतो, असे कुणी विचारील. अलंकार ओळखता आले नाहीत तर ते आपल्यावर वापरले जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कर्जाच्या जाहिरातीतली ‘स्वप्नांना पंख’ देणारी ओळ मेटाफर आहे. हप्ते मात्र मेटाफर नाहीत, ते रुपयांत द्यावे लागतात. आणि बातमीत, भाषणात, मोबाईलवर आलेल्या संदेशात माणसांना जेव्हा ‘लोंढा’ म्हणतात, ‘कीड’ म्हणतात, तेव्हाही ते मेटाफरच असते. पाण्याचे नाव, किड्याचे नाव उधार आणून माणसाला लावलेले. लोंढ्याला घर नसते, आई नसते, त्याला फक्त बांध घालायचा असतो. किडीवर फवारणी करायची असते. बोलणारा एवढे सगळे एका शब्दात सांगून जातो आणि त्याला काही सिद्ध करावे लागत नाही. तो संदेश कुणाबद्दलही असो, आपल्याबद्दल असो की आपल्याकडून दुसऱ्यांबद्दल पुढे पाठवला जात असो. ज्या मुलीला ‘काय, कशाशी, कशात सारखे’ हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली, ती तिथेही विचारील. ही माणसे आणि कीड, यांच्यात सारखे काय आहे, सांगा.

दौंडच्या भाईंनी मुलीला तो प्रश्न सोडू देऊ नये. परीक्षेला अवकाश आहे. रोज मगरिबनंतर एक अलंकार घ्यावा. घरातल्या कुणीही त्या दिवशी बोललेले एक वाक्य तिला द्यावे, तिने त्याचे इंग्रजी नाव सांगावे आणि कारण आधी आपल्या बोलीत, मग इंग्रजीत सांगावे. पंधरा दिवसांत पुस्तकातले बहुतेक अलंकार होतील.

सरावासाठी पाच वाक्ये देतो. नाव आणि कारण दोन्ही लिहून पाठवा. ‘हा पोरगा आमच्या घरचा दिवा आहे.’ ‘दौंड स्टेशन रात्रभर झोपत नाही.’ ‘गल्लीने दोन दिवस त्याच्याशी बोलणं सोडलं.’ ‘तिच्या डोळ्यांतून गंगा-जमुना वाहत होत्या.’ ‘कढईत मोहरी तडतडली.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याला दोन-दोन उत्तरे निघू शकतात, म्हणून तिथे कारण नीट लिहा. उत्तरे पुढच्या अंकात.